हललेली निगेटिव्ह

तिच्यासोबत मी शेवटचं जे काम केलं ते मिरच्यांची देठं तोडायचं. मार्च संपत आला होता, वर्षभराचं तिखट करायचं होतं, भिवापूरची मिरची आणली होती. रविवार म्हणून स्टुडिओ बंद. घरापुढच्या छपरीत जुनं धोतर अंथरलं, त्यावर ढीग, एका बाजूला ती, एका बाजूला मी. मला शिंकांवर शिंका, आणि ती हसते आहे.

"अजी, थ्या अंधाऱ्या खोलीतलं औषध चालते तुमाले, अन् मिरची नाही चालत?"

"औषध नाकात नाही जात."

"देठासंगं अर्धी मिरची तोडून राहिले तुम्ही. पाहून तोडा न."

चारच्या सुमाराला म्हणाली, छातीत जळते आहे. मी म्हटलं, "मिरचीचा ठसका लागला असन. पाणी पे अन् पड जराशी." ती पाणी प्यायली. पडली नाही. ढीग अर्धा बाकी होता, म्हणून परत येऊन बसली आणि मी तिला बसू दिलं. दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती चाळिशीचीही नव्हती.

लोक आले. म्हणाले, सोनं झालं, सवाष्ण गेली. म्हणाले, सुटली बिचारी. कशातून सुटली? माझ्यातून? मी एकालाही उलट बोललो नाही याचा मला आजही राग येतो. आता ऐंशी पार केली, हात कापतो, शाळा माझी चौथीपर्यंतची. वाक्य चुकलं तर चुकलं. पण त्या तेरा दिवसांत मी जे केलं ते कोणाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

मी इतवारीतल्या एका फोटो स्टुडिओत डार्करूमचा माणूस होतो. पासष्ट-सहासष्टच्या सालात लागलो. फोटो शेठ काढायचे, अंधारातलं सगळं माझं. फिल्म धुणं, फोटो मोठे करणं, आणि रिटचिंग. रिटचिंग म्हणजे चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या पेन्सिलीनं बुजवणं, पुसट झालेलं ब्रशनं परत काढणं. माझा हात त्यात चांगला बसला होता. आणि सगळ्यात जास्त काम यायचं ते मेलेल्यांचं. माणूस गेला की घरचे लोक लग्नाच्या ग्रुप फोटोतला गव्हाच्या दाण्याएवढा चेहरा बोटानं दाखवायचे आणि म्हणायचे, तेरवीला मोठा करून पायजे. मी करून द्यायचो. आमच्या वस्तीत ज्या घरी हार घातलेला फोटो असेल तो धरून चाला की माझ्या हातचा.

आणि माझ्या स्वतःच्या बायकोचा एक धड फोटो नव्हता.

दहाव्याचं आटोपून आम्ही घाटावरून परतलो तेव्हा तिचा मोठा भाऊ, उमरेडला मास्तर होता तो, चपला काढता काढता म्हणाला, "जवाईबापू, फोटो तयार असन न? तुमच्या घरचंच काम हाये ते."

मी म्हटलं, "होते."

होते काय, डोंबल. आमच्या लग्नातला एक ग्रुप फोटो होता, त्यात ती डोक्यावरून पदर घेऊन खाली पाहते, चेहऱ्याच्या जागी पदराची सावली. बाकी काही नाही. तिनं मागितला नव्हता असं नाही. दर दोन-तीन वर्षांनी म्हणायची, एक दिवस मले स्टुडिओत न्या, चांगलं पातळ घालतो अन् बसतो. मी म्हणायचो, दिवाळीनंतर. मग म्हणायचो, लग्नसराई झाल्यावर. दिवसभर लोकांची थोबाडं पाहून मी घरी यायचो, मला अजून एक फोटो नको असायचा. ही काही सबब नाही. सबब म्हणून लिहीतही नाही.

मग मला ती निगेटिव्ह आठवली.

सात-आठ वर्षांआधी शेठनं मला कोराडीच्या कॉलनीत एका साखरपुड्याला कॅमेरा देऊन पाठवलं होतं, त्यांना स्वतःला ताप होता म्हणून. बारा फोटोंचा रोल, अकरा काढून झाले, एक उरला. सकाळी तो रोल धुवायचाच होता. संध्याकाळी घरी आलो तर ती दारात उभी. मी म्हटलं, हलू नको. उजेड गेला होता, शटर हळू ठेवावं लागलं. मी बटण दाबलं आणि नेमकी ती बोलली. "दूध उघडं राहिलं वाटते," असं म्हणून मान आत वळवली. सकाळी फिल्म धुतली तर चेहरा हललेला. मी तिला घरी येऊन रागावलो, तुह्यापाई एक फिल्म फुकट गेली. ती म्हणाली, "अन् दूध गेलं असतं तं?"

ती निगेटिव्ह मी फेकली नव्हती. का नव्हती, माहीत नाही. अकराव्या दिवशी सकाळी स्टुडिओत जाऊन कपाट उपसलं, लिफाफा सापडला. एनलार्जरमध्ये घातली, दिव्याच्या उजेडानं मोठी करून टेबलावर पाडली.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. फोटो फोकसमधून गेला असेल तर चेहरा मऊ होतो, धुक्यातल्यासारखा. हलला असेल तर तसं होत नाही. हलला की एकाच्या दोन वस्तू होतात. तिच्या दोन भुवयांच्या चार दिसत होत्या. नाकाला नाकाची सावली. तोंड उघडं. एनलार्जरचा फोकस मी केसभर पुढे केला, केसभर मागे केला. फिल्मवरचे दाणे एकदम साफ दिसायला लागले, एकेक दाणा मोजून घ्यावा असा. म्हणजे माझा फोकस बराबर होता. ती तेवढी दिसत नव्हती.

आता माझी मुलगी म्हणते, बाबा, ती निगेटिव्ह द्या, कम्प्युटरवर शार्प करून आणतो. तिनं मला एकदा दाखवलंही आहे. कॅमेऱ्यातून निघालेल्या फोटोची एक कच्ची फाइल असते म्हणे. कच्ची, म्हणजे आमची निगेटिव्हच की. मग पडद्यावर एक दांडी सरकवायची आणि फोटो शार्प होतो. मी चष्मा लावून जवळून पाहिलं. कडेच्या काळ्या बाजूला ते अजून काळं करतं, पांढऱ्या बाजूला अजून पांढरं. बस. डोळ्याला वाटतं साफ झालं. जास्त सरकवली तर गालावर वाळू उठते. मी म्हटलं, हे तर आमचं हार्ड पेपरचंच काम. कडा तेवढ्या कडक होतात. जे कॅमेऱ्यानं पाहिलंच नाही ते दांडी कुठून आणणार? तिला राग आला. येऊ दे. मला माहीत आहे, कारण मी ते करून बसलो आहे, आणि माझ्याकडे दांडी नव्हती, माझा हात होता.

मी आधी साध्या पेपरवर फोटो काढला. मऊ. मग हार्ड पेपर घेतला. हार्ड पेपर मधला राखाडी रंग खाऊन टाकतो, काळं आणि पांढरं तेवढं ठेवतो. चेहरा जरा ताठ झाला, पण चार भुवया आता चार ठळक भुवया झाल्या. शेठ मागे येऊन उभे राहिले.

"असा कसा लावशीन गा? बसव न थोडं. तुले का सांगावं लागते?"

"बसवतो."

"नाक धरून चाल. नाक सापडलं का बाकी येते."

आणि मी बसवलं. बाहेरच्या दोन भुवया पांढऱ्यानं बुजवल्या, आतल्या दोन काळ्या केल्या. नाकाची एक कड ठेवली. पापणीची रेघ ओढली. बुबुळ भरलं, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका दिला. तो ठिपका दिला की डोळा जिवंत होतो, हे मला शेठनंच शिकवलं होतं. मग तिचं तोंड बंद केलं. जिवंतपणी कोणाला जमलं नव्हतं ते मी बारीक ब्रशनं दहा मिनिटांत केलं. त्याच्यावरून परत कॉपी काढली, ती घोटली, म्हणजे रंग कुठं आणि फोटो कुठं ते कळू नये. बाराव्या दिवशी दुपारी काम झालं.

शेठ म्हणाले, "आजपर्यंतचं हे तुह्यं सगळ्यात भारी काम."

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना माझे कान तापतात, पण वाटलं. त्या क्षणी मला बायको गेली ते आठवत नव्हतं, काम चांगलं झालं तेवढं दिसत होतं.

तेरवीला फोटो खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. मेव्हणा सगळ्यांना घेऊन जाऊन दाखवत होता. "पाहा, कशी बोलल्यासारखी वाटते." बायका पदर डोळ्याला लावत होत्या. "बापा, हुबेहूब." पंगत बसली, भात वाढणं सुरू झालं.

आमच्या ओळीत शेवटच्या घरी एक म्हातारी राहायची. तिची सून दोन वर्षांआधी बाळंतपणात गेली होती, वीस वर्षांची पोरगी. तिचाही फोटो मीच केला होता. ती म्हातारी काठी टेकत आली, फोटोसमोर वाकली, फूल वाहिलं आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं, कंबर धरली. मी हात द्यायला गेलो.

ती म्हणाली, "हे तं माह्या सुनेचे डोळे हायेत."

मेव्हणा हसला. "आजी, चष्मा बदला आता."

"माह्ये डोळे गेले असन रे बाबू, पण रोज सकाळी तिच्या फोटोले हार घालतो मी. तिचेच हायेत." मग माझ्याकडे वळली. वाईट मनानं नाही बोलली, खरंच विचारलं. "काहून गा, तिचे काढून इले लावले का?"

मला एवढा राग आला की काय सांगू. म्हातारी ती, तिच्यावर काय ओरडायचं, पण मी ओरडलो. म्हटलं, "चला, दाखवा मले." मेव्हणा म्हणतो, "जवाईबापू, पंगत बसली, तुम्ही कुठं चालले?" मी गेलो. म्हातारी मागून काठी आपटत येते आहे, मी पुढे.

तिच्या घरात भिंतीवर तो फोटो होता. वीस वर्षांची पोरगी, नाकात चमकी, गाल भरलेले. आणि डोळे माझ्या बायकोचे. नाही, चुकलं. माझ्या बायकोचे नाही. तीच पापणीची रेघ, तेच बुबुळ, डाव्या कोपऱ्यात तोच पांढरा ठिपका. मी भिंतीजवळ नाक नेऊन पाहिलं. माझ्या ब्रशची उचल मला ओळखू येते.

मी तिथून निघालो तो घरी गेलो नाही. शेजारच्या सुताराच्या घरी गेलो. त्याची आई साठीची होऊन गेली होती, तिचा फोटो देव्हाऱ्यावर. तेच डोळे. समोरच्या घरी गेलो, तिथं एका हवालदाराची बायको. तेच. तिथली माणसं माझ्याच घरी जेवायला बसलेली, घरात एक आंधळी मावशी तेवढी, ती विचारते कोण हाये, मी फोटो पाहून बाहेर. चौथ्या घरी एका मास्तरणीचा. तेच. साठीची बाई असो की वीस वर्षांची, माझ्या हातानं सगळ्यांना एकच डोळे दिले होते. आणि लोक त्या डोळ्यांना रोज हार घालत होते, नवस बोलत होते, पोरांना सांगत होते, ही तुझी आजी. आणि मी छाती फुगवून म्हणायचो, वस्तीतले सगळे फोटो माझे!

रस्त्यात उभा राहिलो तेव्हा तिचंच बोलणं आठवलं. ती घरी बसून स्टुडिओचं काम करायची. फोटोवर धुळीचे पांढरे डाग पडतात, ते बारीक ब्रशनं भरायचं. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. एकदा चार-पाच फोटो एकत्र भरायला दिले, तर ते ओळीनं मांडून म्हणाली, "अजी, तुमचे मेलेले सारे एका मायचे लेकरं दिसतात."

मी म्हटलं होतं, "तू डाग भर. डोळ्यांचं मी पाहतो."

तिनं डाग भरले. एवढं साफ सांगितलं होतं तिनं. मी तेव्हा ऐकलं असतं तर, असं मी म्हणणार नाही, ऐकणारा माणूस मी नव्हतोच. ती गेली आणि मी तिलाच नेऊन त्या ओळीत उभी केली.

घरी आलो तर पंगत उठली होती. मेव्हणा तोंड फुगवून बसलेला. मुलगी, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची, उष्ट्या पत्रावळी उचलत होती. मी तिला फोटोपुढे नेलं आणि विचारलं, "खरं सांग वं. हे तुही माय दिसते का?"

ती मामाकडे पाहायला लागली.

"त्याच्याकडं नको पाहू. फोटोकडं पाय."

"चांगला हाये न, बाबा."

"चांगला नाही विचारलं मी."

मग ती रडायला लागली. म्हणाली, "मले तं सकाळीच दिसलं होतं. पण मामा म्हणे बाबानं दोन दिवस बसून केला, काही बोलू नको. आई अशी चूप नव्हती राहत."

मेव्हणा उठला. "पोरीले कायले रडवता? साऱ्या लोकानं पाहिला, साऱ्यानं चांगला म्हटला. तुमचंच डोकं फिरलं."

"माह्यं डोकं आज जागेवर आलं," मी म्हटलं. "तुमी उमरेडची गाडी पकडा."

बोलायला नको होतं. त्यानंही बहीण गमावली होती. पण बोललो. तो सामान घेऊन गेला आणि पुढे तीन वर्षं आमच्या घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओ उघडायच्या आधी शटरसमोर जाऊन उभा राहिलो. शेठ आले, किल्ली लावली, म्हणाले, "आजच्या दिवस घरी राहाचं न गा." मी सरळ डार्करूममध्ये गेलो. लाल दिवा लावला. निगेटिव्ह एनलार्जरमध्ये घातली, दाण्यावर फोकस केला आणि साधा पेपर लावला. हार्ड नाही. डेव्हलपरमध्ये कागद बुडवला. आधी केस आले, मग दाराची चौकट, ती एकदम कडक, कारण चौकट हलत नाही. मग चेहरा. चार भुवया, नाकाला सावली, उघडं तोंड, आत वळलेली मान. मी चिमट्यानं कागद हलवत राहिलो. फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढला, नळाखाली धरला आणि ओलाच बाहेर उजेडात आणला.

शेठनं पाहिलं. "हे काय काढलं? हललं हाये पूरं."

"हललंच होतं."

"माह्या स्टुडिओतून असा फोटो जाईन? लोक म्हणतीन, याले मशीन चालवता येत नाही. ब्रश घे, बस."

"तुमचा शिक्का नका मारू मागं."

"अरे, पण ओळखू कोण येईन त्याच्यात?"

"ते तुमाले नाही विचारलं, शेठ."

पंधरा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांचा चेहरा पडला, ते गल्ल्यावर जाऊन बसले. मी फोटो काचेवर वाळत लावला. रिटचिंग नाही, घोटणं नाही, वर धुळीचे दोन डाग पडले होते तेही भरले नाहीत, ते भरणारी नव्हती. फोटो वाळेपर्यंत मला घरी जाता येत नव्हतं. म्हणून मी कपाटाकडे गेलो, दोन वर्षांआधीचे लिफाफे असलेला खण ओढला आणि ब्रश लागायच्या आधीची एकेक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून पाहायला लागलो.

शेठ तिकडून ओरडले, "आता काय शोधून राहिला?"

"म्हातारीची सून," मी म्हटलं.